घामाचे दाम आणि आपला वाटा: सुस्थित बागायतदारांसाठी काही सूचना

समाजवादाला नावे ठेवण्यापूर्वी त्याचे निदान एक वचन तोंडपाठ करून ठेवावे, अशी रावेर-यावलच्या तमाम केळी बागायतदारांना माझी नम्र विनंती आहे. ५ डिसेंबर १९३६ रोजी स्वीकारलेल्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या कलमात 'जो काम करणार नाही तो खाणारही नाही' असे तत्त्व स्पष्ट नोंदवलेले होते. ते इतके कामाचे आहे की कम्युनिस्टांच्या हाती राहू देणे परवडणार नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट मिळू लागले आणि केळीचे घड वाहायला मजूर मिळेनासा झाला, हा विषय ओट्यावर निघाला की ते बेधडक ऐकवावे. फक्त त्या वेळी आपले चिरंजीव पुण्यात चार वर्षांपासून नेमके काय करतात, हे विचारणारे कोणी बैठकीत नाही एवढे पाहून घ्यावे.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज २०२४ पासून मोफत झाली, ठिबकला अनुदान मिळते, फळपीक विम्याच्या हप्त्यात सरकार भर घालते आणि २००८, २०१७ व २०१९ मध्ये कर्जमाफ्या जाहीर झाल्या, या गोष्टी त्याच बैठकीत काढू नयेत. जगाच्या पोशिंद्याचा तो मान आहे, आणि मानाने माणूस आळशी होत नाही. आळशी होतो तो पाच किलो तांदळाने.

संपत्तीच्या फेरवाटपाविषयी बोलताना दिशेचे भान राखावे. १९६१ च्या जमीनधारणा कायद्याने पुढे बारमाही बागायतीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर अशी कमाल मर्यादा ठरली, तेव्हा ज्या घराण्यांनी पाळण्यातल्या नातवंडांना आणि परगावच्या भाच्यांना रातोरात खातेदार केले, त्यांची न्यायबुद्धी आजही आदर्श मानावी, कारण त्यांनी वाटप तर केलेच, शिवाय जमीन घराबाहेर जाऊ दिली नाही. याउलट शहादा-तळोद्याकडे भिल्लांच्या जमिनी किरकोळ कर्जापोटी, कागदावर अंगठा उमटताच सावकाराच्या आणि मोठ्या शेतकऱ्याच्या ताब्यात गेल्या, त्या वेळी संपत्ती खालून वर सरकली. अशा हालचालीला व्यवहार म्हणतात आणि त्यात कोणाला समाजवाद दिसत नाही. तो दिसू लागला सत्तरच्या दशकाच्या आरंभी, जेव्हा भिल्लांचे नेते अंबरसिंग सुरतवंती आणि आदिवासी मजुरांची श्रमिक संघटना त्या जमिनी परत मागू लागल्या. १९७४ मध्ये त्या परत देण्यासाठी कायदाच झाला, आणि खासगी मालमत्तेच्या पावित्र्याची आठवण आपल्या भागात अनेकांना एकाच वेळी झाली.

मेहनतीचे फळ मिळतेच, हे पटवण्यासाठी अमळनेरचा दाखला द्यावा. तिथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रोची सुरुवात झाली, आणि ज्या गावकऱ्यांनी तिचे शेअर कपाटात ठेवून तिकडे न पाहण्याचे कष्ट दशकानुदशके उपसले, ते कोट्यधीश झाले. त्या काळात तुपाचे डबे उचलणाऱ्यांचे काय झाले, असे कोणी विचारले तर त्यांना मजुरी वेळच्या वेळी मिळाली असणार, असे उत्तर द्यावे. वारसाने येणाऱ्या संपत्तीवरचा मृत्युकर १९८५ मध्ये गेला आणि संपत्तिकर २०१५ मध्ये. जन्म घेण्याच्या श्रमांवर कर लावणे अन्यायाचेच होते.

फैजपूरची मात्र जपून आठवण काढावी. सोव्हिएत घटनेनंतर तीनच आठवड्यांनी, नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन म्हणून तिचा अभिमान अवश्य बाळगावा. तिथल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतमजुराला जगण्याइतके वेतन कायद्याने मिळावे असे कलम होते, हे सांगण्याची गरज नाही.

एवढे करूनही कोणी वाचलेला तरुण वाद घालू लागलाच, तर सोव्हिएत सामूहिक शेतांचे उदाहरण द्यावे, कारण ते खरे आहे आणि फार भयंकर आहे. तिथल्या शेतकऱ्याला १९७४ पर्यंत देशातल्या देशात फिरण्याचा पासपोर्टही हक्काने मिळत नव्हता, त्यामुळे शेत सोडून जावे कुठे हा प्रश्नच होता. माणसाला जमिनीशी असे जखडणाऱ्या व्यवस्थेचा निषेध करताना आपला आवाज चढला तरी हरकत नाही. मागील दारी उभ्या असलेल्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याने, मुलीच्या लग्नासाठी उचल घेतलेली आहे आणि ती फिटेपर्यंत तो कुठे जाऊ शकत नाही, याचा या विषयाशी संबंध नाही.

तोच सालदार पाडवा-आखाजीच्या दरम्यान नव्या सालाचा आकडा वाढवून मागेल. त्याला शांतपणे समजावावे की मजुरी कोणाच्या दयेवर ठरत नाही, ती बाजार ठरवतो. त्यावर तो म्हणाला की सुरतेच्या बाजारात दुप्पट मिळतात आणि उचल फेडून तो तिकडेच जाणार आहे, तर बाजाराचा विषय तिथेच सोडून द्यावा, डोळ्यांत पाणी आणावे, आणि तीन पिढ्या एका घरचे मीठ खाल्लेल्या माणसाने पैशासाठी इतके खाली उतरावे का, असे त्याला विचारावे.