वारबुर्ग यांच्या नावावर खपणारा लिंबू-सोडा

आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत, गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मजकूर असा: जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी कॅन्सरचं मूळ शोधलं आणि त्यासाठी त्यांना १९३१ चं नोबेल मिळालं. शरीरात आम्ल वाढलं की कॅन्सर होतो, अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, शरीरात तो जगत नाही. रोज लिंबू आणि खायचा सोडा घ्या, साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल. केमो हा डॉक्टरांचा धंदा आहे. माझ्या काकांनी हा मेसेज खरा धरला, म्हणून हे लिहितो आहे.

आधी नोबेल. ते त्यांना १९३१ साली मिळालं हे खरं, पण पेशींच्या श्वसनातल्या, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवण्यातल्या, एन्झाइमच्या शोधासाठी. कॅन्सरवरचं त्यांचं गाजलेलं काम त्याआधीचं, १९२० च्या दशकातलं. गाठीच्या पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही साखर आंबवतात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात, हे त्यांनी दाखवलं. ते निरीक्षण पक्कं निघालं. चुकलं ते पुढचं पाऊल. पेशीचं श्वसन बिघडणं हेच कॅन्सरचं मूळ कारण, असं त्यांनी धरलं आणि १९७० साली जाईपर्यंत सोडलं नाही. पुढे कळलं की बहुतेक गाठींत श्वसन चालूच असतं, आणि पेशी बेलगाम वाढते ती जनुकांतल्या बिघाडामुळे. तरी त्यांचं काम वाया गेलं नाही. पेशीचं चयापचय बदलणं आणि दीर्घकाळचा दाह, या दोन्ही गोष्टी आज संशोधक कॅन्सरच्या ठळक खुणांत मोजतात. लिंबू-सोड्याचं मात्र त्यांच्या कामात नाव नाही. १९६६ साली जर्मनीतल्या लिंडाऊला नोबेल विजेत्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणात त्यांनी सल्ला दिला तो लोह आणि ब जीवनसत्त्वांचा.

आता आम्ल. मेसेजने कारण आणि परिणाम उलटे करून टाकले आहेत. पू झाला म्हणून काटा रुतत नाही, काटा रुतला म्हणून पू होतो. गाठ आम्ल बनवते, त्यामुळे तिच्या आसपासचा भाग आम्ल होतो. आणि रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्ये धरून ठेवतात. तुम्ही काहीही खा, बदलते ती लघवी. सोडा रोज चमचा-चमचा घेतला तर सोडियम वाढतं, बीपी आणि किडनीच्या माणसाला ते थेट बाधतं.

अल्कलीने कॅन्सर टळतो म्हणणाऱ्यांनी आमच्या पानठेल्यावर एक तास उभं राहावं. पोरगा पन्नीवर सुपारीचा चुरा टाकतो, तंबाखू टाकतो, चुना सोडतो आणि घोट-घोट घोटून खर्रा बांधून देतो. चुना म्हणजे कडक अल्कली, पीएच बाराच्या घरात. तो गालाच्या आतल्या कातडीला दिवसातून दहा-दहा वेळा लागतो. मेसेज खरा असता तर खर्रा खाणाऱ्याचं तोंड सगळ्यात सुरक्षित असायला हवं होतं. प्रत्यक्षात सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते, तंबाखू तर करतोच. गालाला सततचा दाह राहतो, आतली कातडी ताठ होत जाते, जबडा आवळतो. दाह आणि कॅन्सर यांचा संबंध जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखोव यांनी १८६३ मध्येच मांडला होता. आमच्या भागात तो समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का, एवढं पाहा.

साखरेच्या मुद्द्यात थोडं सत्य आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. कॅन्सर शोधायच्या पेट (PET) स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात आणि बऱ्याच गाठी ती ओढून घेतात म्हणून चमकतात. हे वारबुर्ग यांच्याच निरीक्षणाचं देणं. लठ्ठपणा आणि सतत चढं इन्सुलिन यांचाही काही कॅन्सरांशी संबंध आहे, म्हणून निरोगी माणसाने गोड कमी करावं हे बरोबरच. पण गाठ झाल्यावर ताटातली साखर काढून ती उपाशी मरत नाही. शरीर स्नायू मोडतं आणि यकृत त्यातून रक्तात साखर बनवत राहतं, आणि गाठ प्रथिनांच्या घटकांवर आणि चरबीवरही भागवते. उपाशी राहतो तो माणूस. काकांनी भात सोडला, दूध सोडलं, चहासुद्धा कोरा. “साखर सोडली म्हंजे गाठ मरते म्हन्तेत ना बाप्पा,” एवढंच बोलायचे. पॅन्टची नाडी रोज एक बोट आत बांधली जात होती.

डॉक्टरांच्या धंद्याबद्दल एवढंच. लूट होते, मीही पाहिली आहे, त्यावर भांडायलाच हवं. पण लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमधली बहुतेक मुलं आज बरी होतात ती केमोनेच. आणि पैशाची भीती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा.

काकांच्या गालात पेरणीच्या वेळी रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. काकूने दाखवा म्हटलं, तेव्हा ते लिंबू पिळत होते. कापूस वेचणीला आला तोवर तोंडात एक बोट जाईना आणि मानेला गाठ लागली. आता नागपूरला शेकणं, म्हणजे रेडिएशन, सुरू आहे. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, साखर घालून दूध द्या, पातळ खिचडीत तूप घाला, वजन वाढवा. काकू रोज पहाटे उठून ती खिचडी गाळणीतून गाळते.