मोगरा व कढीपत्त्याच्या कुंड्यांविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या रोपवाटिकेतून जूनमध्ये नेलेला मोगरा आणि कढीपत्ता रोज सकाळी नेमाने पाणी घालूनही महिनाभरात पिवळे पडले, आणि आम्ही मातीऐवजी ‘नुसता नारळाचा भुसा’ भरून दिला, असे आपण लिहिले आहे. हौसेने लावलेले झाड डोळ्यांदेखत सुकू लागले की फार वाईट वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

कुंडीत लाल माती, शेणखत आणि कोकोपीट (म्हणजे आपण लिहिलेला नारळाचा भुसा) यांचे मिश्रण असून कोकोपीट आम्ही जाणूनबुजून घालतो. जमिनीत पाणी खोलवर मुरते, कुंडीत मात्र तळाशी ओल अडून राहते. त्यात नुसती लाल माती भरली तर ती हळूहळू घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. शिवाय भिजलेल्या मातीची कुंडी फार जड होते, हेही इमारतीच्या गॅलरीत पाहावे लागते. कोकोपीटचा वरचा थर मात्र लवकर सुकतो, फिकट दिसतो, आणि आत ओल तशीच टिकून असते. वरून कोरडे दिसले म्हणून रोज पाणी घातले, तर ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत ते सुकतच नाही आणि मुळे कुजू लागतात. आपण जोडलेल्या छायाचित्रात दोन्ही कुंड्यांखालच्या बशा पाण्याने भरलेल्या आहेत. पिवळेपणाचे कारण बहुधा तेच असावे. कढीपत्त्याला तर साचलेले पाणी मुळीच सोसत नाही.

कृपया बशा आजच काढाव्यात, आणि बोट दोन इंच आत घालून माती कोरडी लागेपर्यंत पाणी देऊ नये. नवी पालवी फुटेपर्यंत खतही नको. पुष्कळजण तळाशी खडीचा थर देण्यास सांगतात. त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओल मुळांच्या अधिक जवळ येते. मोगऱ्याला पाच-सहा तास थेट ऊन लागते, तेव्हा त्याची कुंडी कठड्यापाशी, पण आतल्या बाजूस ठेवावी.

सोमवार सोडून कोणत्याही दिवशी दोन्ही कुंड्या घेऊन यावे. मुळे आपल्यासमोर तपासू. कुजलेला भाग छाटून नव्या मिश्रणात रोप लावून देण्याचे पैसे घेणार नाही. मुळे पांढरी व टणक असूनही झाड सुकत असेल, तर रोपे विनामूल्य बदलून देऊ.

आपला,
रोपवाटिकेचा मालक