"फक्त एक सर्च टाक ना!"

रत्नागिरीत बसून कोकणातल्या गावांचा ड्रॉपडाउन (वेबपेजवरची, गाव निवडायची यादी) करतोय आणि दर आठवड्याला तोच निरोप: "अरे, त्यात सर्च टाक की. पाच मिनिटांचं काम." पाच मिनिटांत सोलकढीसुद्धा होत नाही, बाबा!

साधी यादी एनव्हीडीए, म्हणजे न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, नीट वाचत होता. आता फोकस राहायचा टायपिंगच्या चौकटीत आणि बाणाच्या कळांनी फिरायचं यादीत, म्हणजे एरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट आलं: यादीतल्या कुठल्या गावावर आहोत ते त्याच्या आयडीने स्क्रीन रीडरला सांगणारी खूण. 'वेळ' टाइप केलं, वेळास नि वेळणेश्वर उरले. पण तो आयडी अजून गाळलेल्या आंजर्ल्यालाच चिकटलेला! स्क्रीन रीडर गप्प. ऐकणाऱ्याने काय समजायचं, सगळी गावं समुद्रात बुडाली? म्हणून "२ गावं सापडली" असं सांगायला लाइव्ह रीजन (ज्यातला बदल स्क्रीन रीडर आपोआप वाचतो तो भाग) टाकलं, तर ते प्रत्येक अक्षराला बडबडतंय, एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखं. थांबून बोल म्हणून त्याला वेगळा टायमर.

आणि मराठी टायपिंग! शब्द पक्का करायला एंटर दाबला की पहिलंच गाव निवडलं जातं. कंपोझिशन, म्हणजे शब्दाची जुळवाजुळव, अजून चालू आहे का, ते तपासायचं माझंच राहिलेलं, कबूल.

मुरुड शोधलं तर दोन: एक दापोलीतलं, एक रायगडातलं. तालुका दाखवायला मात्र डिझाइनमध्ये जागा नाही म्हणे.