पग पग नीर

आमच्या सुदामानगरच्या घरामागं तीस फूट मेंदीचं कुंपण होतं. गेल्या उन्हाळ्यात ते वाळून कोळसा झालं. मी म्हटलं, विटांची भिंत घालू. सौ. म्हणाली, "तुरुंग नको. लाकडाचं करू."

इंदुरात फरशीवाला, ग्रिलवाला, पीओपीवाला हाकेसरशी मिळतो. लाकडाचं कुंपण म्हटलं की माणूस आधी आपल्याकडे बघतो आणि मग आपल्या मागं उभ्या असलेल्या बायकोकडे. शेवटी एक ठेकेदार सापडला. वाकून पाया पडला. "काकासाब, आठ दिन. नववे दिन आप यहाँ झूला डालना." मी लगेच पाच हजार बयाणा दिला. तेव्हा फेब्रुवारी होता.

होळीला तो गेला. त्याबद्दल तक्रार नाही. होळीपासून रंगपंचमीच्या गेरपर्यंत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीपर्यंत, इंदुरात कामाचं बोलणं हाच गुन्हा. पुढं घरातली लग्नं आली. मग लाकूड ओलं निघालं, ते वाळेपर्यंत थांबायचं. दिवसा फोन उचलत नसे, म्हणून एकदा रात्री साडेदहाला सराफ्यात गेलो. सोन्याची दुकानं मिटली की तिथं खाऊगल्ली भरते. सोन्याच्या दुकानाच्या बंद शटरसमोर हा भुट्ट्याच्या किसाचा द्रोण घेऊन उभा. पळाला नाही. उलट माझ्यासाठी एक द्रोण सांगितला, वर लिंबू जास्त पिळायला लावलं. ज्याचा कीस खाल्ला त्याच्यावर ओरडायचं कसं? पैसेही त्यानंच दिले. (बयाण्यातले असावेत.)

काम सुरू झालं ते जुलैत. 'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर' हे लहानपणापासून ऐकत आलोय, अर्थ आत्ता कळला. सहा सहा फुटांवर दोन फूट खोल असे सहा खड्डे घेतले. सकाळी खड्डा, दुपारी हौद. तिसऱ्या खड्ड्यात बेडूक राहायला आला. त्यात ही आमची काळी माती! पावसात फुगते, उन्हाळ्यात अशी भेगाळते की पंजा आत जावा. तिच्यात खांब रोवणं म्हणजे हलत्या दाढेवर सोन्याची टोपी चढवणं. म्हणून मी त्याला बजावलं होतं, तळाशी गिट्टी टाक, वर काँक्रीट कर, जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर फास. "हाँ काकासाब, बिलकुल." मी कट चहा प्यायला आत गेलो आणि बाहेर आलो, तेवढ्यात चार खांब डांबराशिवाय उभे! उरलेल्या दोघांना मी समोर बसून डांबर लावून घेतलं. चार खांब वाळवीच्या नैवेद्याला.

कचऱ्याचा वेगळाच ताप. 2017 पासून स्वच्छतेत नंबर काढणारं गाव, घंटागाडीवरची बाई डोळ्यांत तेल घालून बघते. भुश्शाचं पोतं उघडून म्हणाली, "काकाजी, इसमें कीलें हैं. अलग करो." मग मी फ्रिजवरचा ओंकारेश्वरचा चुंबक काढला आणि ओट्यावर बसून भुश्शातून खिळे वेचले. सत्तेचाळीस निघाले. शेजारी दोनदा डोकावून गेले. त्यांना वाटलं, मी काही व्रत करतोय.

अनंत चतुर्दशीला काम संपलं. इंदूरच्या कापडगिरण्या बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण त्यांच्या झाँक्यांची, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीची, तारीख चुकत नाही. कारागिरांना त्या बघायला जायची घाई. शेवटच्या तीन फळ्यांना स्क्रूऐवजी खिळे ठोकून मंडळी पसार.

दिवाळीत माती सुकली आणि तिसरा, बेडकाचा, खांब शेजाऱ्यांकडे झुकला. ठेकेदाराला बोलावलं. आश्चर्य म्हणजे तो आला. खिशातून सुतळी काढली, तिला नट बांधला आणि खांबाशेजारी लोंबता धरला. बराच वेळ बघितलं. मग मागं वळून तसाच आमच्या घराच्या भिंतीकडे बघितलं.

"काकासाब, खंबा तो सीधा है. आपका घर टेढ़ा है."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सौ. पायरी उतरून खाली आली, डोकं जरासं तिरकं करून भिंतीकडे बघू लागली.

"अहो, खरंच हो. वाटतंय जरा."

त्यानं लगेच मोबाइल काढला. त्याचा साडू भिंतींचीच कामं करतो म्हणे. आठ दिवसांत होईल.