‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: तारापूर आणि ‘निव्वळ स्वार्थ’

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणामागच्या विचारांवरच्या माझ्या मागच्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेकडे तत्त्वं वगैरे काही नसतात, निव्वळ स्वार्थ असतो, तारापूरच्या अणुवीज केंद्राला इंधन देण्याचा शब्द देऊन मोडला, यातच सगळं आलं, 1971 साली बांगलादेश युद्धात सातवं आरमार पाठवलं, मी राष्ट्राध्यक्ष जेफरसनचे शब्द पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या तोंडी घातले, आणि मी ‘पाश्चात्त्य चष्म्यातून’ बघणारा, ‘अमेरिकेची तळी उचलणारा’ लेखक आहे. या शेवटच्या आरोपापुढे तीन उद्गारचिन्हं आहेत.

चूक आधी मान्य करतो, म्हणजे ती लपवली असं कुणी म्हणायला नको. ‘गुंतवून टाकणाऱ्या युती’ हे शब्द जेफरसनचेच, 4 मार्च 1801 च्या शपथविधीच्या भाषणातले. कायमच्या युतींपासून दूर राहा, असा सल्ला वॉशिंग्टनने 1796 च्या निरोपपत्रात दिला होता. त्याने स्वतः ते कधी भाषण म्हणून वाचलंही नाही, वर्तमानपत्रात छापून आलं. लेखात दुरुस्ती केली आहे. मुद्द्यात त्यामुळे तसूभरही फरक पडत नाही, पण चूक ती चूक.

आता तळीबद्दल. तळी उचलायची तर भंडारा उधळावा लागतो. त्याच लेखात, चौथ्या परिच्छेदात, सीआयएने 1953 मध्ये इराणचं आणि 1954 मध्ये ग्वाटेमालाचं सरकार कसं उलथवलं हे नावानिशी दिलं आहे. हा तुम्हाला भंडारा वाटत असेल तर तुम्ही जेजुरीला गेलेला दिसत नाही. मी हा विषय एकवीस वर्षं पदव्युत्तर वर्गांना शिकवला आहे आणि तारापूरवर अमेरिकी संसदेत झालेल्या चर्चा मूळ नोंदींतून वाचल्या आहेत. टोपणनावाआडून दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर सांगताना एवढं ध्यानात ठेवलंत तर बरं. असहमती हवीच, पण तिला थोडी रीत असते.

तुमच्या तारापूरच्या वाक्याकडे मात्र सविस्तर बघायला हवं, कारण तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं.

करार ऑगस्ट 1963 चा, मुदत 30 वर्षांची. तारापूरच्या दोन्ही अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. 1969 मध्ये सुरू झाल्या. त्यांना नैसर्गिक युरेनियम चालत नाही. निसर्गात युरेनियम-235 चं प्रमाण 0.7 टक्के असतं, इथे ते दोन-अडीच टक्क्यांच्या घरात लागतं. हे समृद्ध युरेनियम अमेरिकेतून यायचं आणि हैदराबादच्या अणुइंधन संकुलात त्याच्या कांड्या भरल्या जायच्या. करारातली गाठ दोन्ही बाजूंनी होती: अमेरिकेने इंधन पुरवायचं, आणि भारतानेही या केंद्रात दुसऱ्या कुणाचं इंधन वापरायचं नाही. त्यामुळे पुरवठा अडला की बाजारात दुसरं दुकान शोधायची सोय नव्हती.

मग 1974 चा पोखरण स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं, ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं होतं. भट्टी कॅनडाची, तिच्यातलं जड पाणी अमेरिकेचं, आणि ते ‘शांततामय उपयोगासाठी’ म्हणून दिलेलं. शांततामय स्फोट हा शांततामय उपयोगात बसतो, असं आपलं म्हणणं होतं. वॉशिंग्टनमध्ये ते कुणाच्या गळी उतरलं नाही.

मार्च 1978 मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदीचा कायदा आला. अट अशी की, अण्वस्त्रधारी म्हणून मान्यता नसलेल्या ज्या देशाला अमेरिकी इंधन हवं असेल त्याने आपली सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली करावीत. सगळी म्हणजे ट्रॉम्बेसुद्धा. तारापूरवर तपासणी आधीपासून होतीच. जुन्या ग्राहकांना 24 महिन्यांपर्यंतची सवलत होती. मोरारजीभाईंनी ही अट मानायला साफ नकार दिला. (त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्यांना ‘परत गेल्यावर यांना एक थंड, रोखठोक पत्र लिहू’ असं सांगत होते आणि मायक्रोफोन चालू होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.)

आता गाडी कुठे अडते ते बघा. इंधनाच्या प्रत्येक खेपेला अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचा निर्यात परवाना लागतो. आयोगात पाच सदस्य. आयोगाने परवाना दिला नाही, तर राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या आदेशाने खेप सोडू शकतात. त्या वेळच्या नियमाप्रमाणे तो आदेश 60 दिवस संसदेपुढे राहायचा आणि तेवढ्या काळात दोन्ही सभागृहांनी नामंजूर केला तरच रद्द व्हायचा. एकाच सभागृहाचा नकार पुरत नसे. एप्रिल 1978 मध्ये आयोगातली एक जागा रिकामी होती, 2-2 अशी बरोबरी झाली, कार्टरनी आदेश काढला, खेप गेली. मे 1980 मध्ये मात्र आयोगाने 5-0 ने नकार दिला. कार्टरनी जूनमध्ये पुन्हा आदेश काढला, या वेळी सुमारे 38 टनांसाठी.

का काढला? डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या आणि दिल्लीला दुखवणं अमेरिकेला परवडणारं नव्हतं. म्हणजे तुम्ही ज्याला स्वार्थ म्हणता तो त्या वर्षी इंधन द्यायला सांगत होता. अडवत होतं ते तत्त्व: नियम सगळ्यांना सारखा, मित्राला सवलत दिली की उद्या दुसराही मागणार. जॉन ग्लेन यांनी सिनेटमध्ये विरोधाची आघाडी सांभाळली. पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारे पहिले अमेरिकी ते हेच, आणि या कायद्याच्या शिल्पकारांपैकी एक. 18 सप्टेंबर 1980 ला प्रतिनिधिगृहाने 298 विरुद्ध 98 मतांनी आदेश नामंजूर केला. सहा दिवसांनी सिनेटमध्ये नामंजुरीच्या बाजूने 46 मतं पडली, विरोधात 48. दोन मतांवर खेप सुटली. तुमचा ‘निव्वळ स्वार्थ’ तारापूरच्या मदतीला आला होता, साहेब. तत्त्वानेच तुम्हाला छळलं.

‘शब्द मोडला’ हेही पूर्ण खरं नाही आणि पूर्ण खोटंही नाही. 1963 चा करार सिनेटच्या दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर झालेला तह नव्हता, 1954 च्या अणुऊर्जा कायद्याखालचा सहकार्य करार होता. शिवाय तह असता तरी फार फरक पडला नसता, कारण तह आणि नंतरचा कायदा यांचं जुळत नसेल तर अमेरिकी न्यायालयं नंतरचं मानतात. देशाबाहेरची जबाबदारी त्याने संपत नाही, आणि घरचा कायदा पुढे करून दिलेला शब्द टाळता येत नाही, असं भारत सांगत होता ते कायद्याला धरूनच होतं. एवढं तुमच्या पदरात टाकतो. पण हे राष्ट्राध्यक्षाने ठरवून केलेलं कपट म्हणता येत नाही. ती त्या घटनेची घडण आहे आणि ती त्यांच्या स्वतःच्या अध्यक्षांनाही तेवढीच नडली आहे. राष्ट्रसंघाची कल्पना घेऊन पॅरिसला गेलेल्या विल्सनचा व्हर्सायचा तह त्याच्याच सिनेटने नोव्हेंबर 1919 आणि मार्च 1920 असा दोनदा फेटाळला. पॅरिसमध्ये शब्द देणारा माणूस वॉशिंग्टनमध्ये तो पाळू शकला नाही.

मूळ लेखात मी एवढंच म्हटलं होतं की अमेरिकेचं धोरण एका डोक्यातून निघत नाही. राक्षस मारायला परमुलखात जाऊ नये, हे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्सने 4 जुलै 1821 ला सांगितलेलं मत आजही तिथे जिवंत आहे. विल्सनचं नियमांचं जग जिवंत आहे. आणि अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनननी 1946 च्या लांबलचक तारेत मांडलेला, शत्रूला धीराने रोखून धरण्याचा हिशोबही. तोच हिशोब 1950 च्या एनएससी-68 या सुरक्षाविषयक सरकारी दस्तऐवजात शस्त्रांच्या भाषेत लिहिला गेला तेव्हा स्वतः केनननाच पटला नाही. यातलं कोण जिंकणार हे भाषणांवरून कळत नाही. त्या वर्षी फाईल कोणत्या टेबलावर अडली आणि तिथे किती मतं होती, ते बघावं लागतं.

सातव्या आरमाराचं उदाहरण घ्या, ते तुमच्या बाजूचं आहे. निक्सन-किसिंजर तेव्हा चीनकडे जाणारं दार पाकिस्तानमार्फत उघडत होते आणि पूर्व बंगालमधल्या कत्तलीकडे त्यांनी डोळेझाक केली. ढाक्यातल्या त्यांच्याच वकिलातीने एप्रिल 1971 मध्ये तारेने निषेध कळवला होता, पण तुम्ही त्याबद्दल काही म्हटलेलं नाही, मग मीही थांबतो. व्हिएतनाम, इराक, डॉलर, हॉलिवूड या बाकीच्या यादीला उत्तर देत नाही. ती यादी आहे, युक्तिवाद नाही.

तारापूरचं पुढे काय झालं हे तुम्ही लिहिलंच नाहीत, म्हणून मी लिहितो. 1982 मध्ये रेगन आणि इंदिराजींनी तोडगा काढला की करार कायम ठेवायचा, इंधन फ्रान्सने द्यायचं. फ्रान्सची मुदत 1993 ला संपली, मग 1995 मध्ये चक्क चीनने दिलं, 2001 मध्ये रशियाने. आणि 2008 च्या सप्टेंबरमध्ये, भारताला अणुव्यापार खुला करणारा करार त्याच प्रतिनिधिगृहापुढे आला, तेव्हा बाजूने मतं पडली 298. विरोधात 117.