आत्महत्या, श्रद्धा आणि दुर्खीमच्या नावावर खपवलेला मेसेज

‘श्रद्धा सुटली की माणूस आत्महत्येकडे वळतो, हे समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९७ मध्येच सिद्ध केलंय’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. पुढे जोडलेलं: शिक्षणाने श्रद्धा जाते, उपाय एकच, धर्माकडे परत या, आणि श्रद्धाळू माणसं जास्त समाधानी असतात. घरातलं माणूस असं गमावलेल्या जवळच्या एका कुटुंबालाही कुणीतरी तो पाठवला. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

दुर्खीमच्या ‘आत्महत्या’ या पुस्तकाचा आधार श्रद्धाळू विरुद्ध नास्तिक ही तुलना नाहीच. त्याने युरोपातल्या राज्यांची तुलना केली. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक हे ख्रिस्ती धर्माचे दोन पंथ. दर दहा लाख लोकांमागे प्रोटेस्टंट राज्यांत सरासरी १९० आत्महत्या, कॅथलिक राज्यांत ५८. देव दोन्हीकडे मानतात, आत्महत्या दोन्ही पंथांत पाप. मग फरक श्रद्धेचा कसा? दुर्खीमच्या मते तो माणसांना समूहाशी जोडणाऱ्या बंधांचा होता. कॅथलिकांत सामायिक आचार-विधी जास्त. प्रोटेस्टंटांत धर्मग्रंथाचा अर्थ ज्याने त्याने लावायचा, त्यामुळे समूहाची पकड सैल. भरल्या घरातही त्याला बंधांचं तेच संरक्षण दिसलं, आणि मोठ्या युद्धांच्या काळात राष्ट्रातही. उलट पकड फार घट्ट झाली तरी माणसं जीव देतात. या ‘परार्थी’ प्रकारात त्याने नागरिकांपेक्षा जास्त आत्महत्या करणारे सैनिक घेतले आणि सती जाणाऱ्या स्त्रियाही. तिथे श्रद्धा कमी पडली होती का?

शिवाय आकडेही डोळे झाकून घ्यावेत असे नाहीत. जिथे कलंक मोठा, तिथे आत्महत्या लपवून मृत्यूचं दुसरंच कारण नोंदलं जाण्याची शक्यता जास्त. समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये हाच आक्षेप घेतला. आणि राज्याच्या सरासरीवरून एका माणसाच्या मनातलं कळत नाही. त्यावरून गेलेल्या माणसाच्या श्रद्धेचा पंचनामा करणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.

शिक्षणाचं म्हणाल, तर ज्यूंमध्ये शिक्षण जास्त आणि आत्महत्या कमी, हे दुर्खीमनेच दाखवलं. ज्ञान हे दुखणं नसून त्यावरचं औषध आहे, असंही त्याने लिहिलं. ‘धर्माकडे परत’ हा उपाय त्याने शेवटच्या प्रकरणात तपासून बाजूला ठेवला आणि व्यवसायसंघ, म्हणजे एकाच व्यवसायातल्या लोकांचे संघ, सुचवले.

समाधानाच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. नियमित प्रार्थनेला जाणारे अमेरिकन सरासरीने जास्त समाधानी आढळतात. पण चायून लिम आणि रॉबर्ट पटनम या संशोधकांनी २०१० मध्ये याचं कारण शोधलं, तेव्हा फरक मुख्यतः प्रार्थनास्थळात जुळलेल्या जवळच्या मैत्रीमुळे पडत होता. दर आठवड्याला जाऊनही तिथे कुणी मित्र नसलेले लोक कधीच न जाणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी नव्हते.