चार टीबीची डिस्क, जुना कॉम्प्युटर आणि तो मेसेज

आमच्या फोंडा भागातल्या नाट्यमंडळांच्या ग्रुपांवर जत्रांच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: घरच्या जुन्या कॉम्प्युटरला 2 टीबीपेक्षा मोठी हार्ड डिस्क लावू नका, मदरबोर्ड ती ओळखत नाही, लावलीच तर डेटा पुसला जातो, डिस्कवर छापलेला आकडाही खोटा असतो, मोठी डिस्क हवी तर आधी नवा कॉम्प्युटर घ्या. हे वाचून मंडळातले एक काका धडधाकट कॉम्प्युटर भंगारात द्यायला निघाले. देवळासमोर झालेल्या आमच्या नाटकांची कित्येक वर्षांची रेकॉर्डिंगं त्यात आहेत. गप्प बसवेना.

मुळात हा 2 टीबीचा आकडा आला कुठून? डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटं कोष्टक असतं. कुठला पार्टिशन (डिस्कचा कप्पा) कुठे सुरू होतो आणि केवढा आहे, याची नोंद त्यात असते. जुन्या पद्धतीच्या कोष्टकाला एमबीआर म्हणतात आणि त्यात हे आकडे लिहायला 32 बिटांचीच जागा आहे. म्हणजे फार तर 429 कोटी सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे तुकडे, मोजता येतात. एक सेक्टर 512 बाइटचा धरला की गुणाकार होतो सुमारे 2.2 लाख कोटी बाइट, म्हणजेच तो 2 टीबीचा आकडा. त्यापुढे मोजायला आकडाच उरत नाही. जीपीटी या नव्या कोष्टकात 64 बिट आहेत, त्यामुळे घरात येणारी कुठलीही डिस्क त्यात सहज मावते. आणि जीपीटी डेटा डिस्क विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजना वाचता येते.

काकांच्या घरी विंडोज 7 आहे. नवी 4 टीबीची डिस्क लावून आम्ही विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट (डिस्कची मांडणी दाखवणारी खिडकी) उघडलं, तर पट्टीचे दोन तुकडे: 2048.00 जीबी आणि 1678.02 जीबी. पहिल्यावर काकांनी पार्टिशन करून ठेवला होता, दुसऱ्यावर राइट क्लिक केलं तर काहीच करता येईना. "बघ, ओळखत नाही म्हटलं ना!" काका म्हणाले. पण न ओळखता 1678 हा आकडा त्याने दाखवला कसा? डिस्क पूर्ण दिसत होती, कोष्टक तेवढं एमबीआर होतं. पार्टिशन रिकामाच होता, तो काढला. मग डावीकडच्या डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क' निवडलं. पार्टिशन असेपर्यंत हाच पर्याय करडा, बंद दिसत होता. दोन मिनिटांत 3725.90 जीबीची सलग पट्टी समोर आली. मदरबोर्ड तोच, विंडोज तीच.

डेटा पुसला जातो या म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. डिस्कवरच्या सेक्टरचा क्रमांक 28 बिटांतच लिहिला जाई त्या काळात 137 जीबीपुढे लिहायला गेलं की काही यंत्रणांत मोजणी पुन्हा शून्यावर येई आणि सुरुवातीचाच डेटा खराब होई. विंडोज एक्सपीत हे सर्व्हिस पॅक 1 पासून सुधारलं. आजही एखादा जुना स्टोरेज ड्रायव्हर (डिस्क चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा डिस्क यूएसबीला जोडायचं जुनं केसिंग 3 टीबीची डिस्क 746 जीबीचीच दाखवतं. असं दिसलं तर त्या डिस्कवर एकही फाइल लिहू नका. आधी ड्रायव्हर किंवा केसिंग बदला. आणि डिस्कवर आधीच डेटा असेल तर वर सांगितलेला पार्टिशन काढण्याचा उद्योग दुसरीकडे कॉपी घेतल्याशिवाय करूच नका. माझ्या मते मेसेजमध्ये लिहायला हवं होतं ते हेच.

छापलेला आकडा खोटा नसतो. कंपनी 1 टीबी म्हणजे 1 लाख कोटी बाइट धरते, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं आणि नाव तेच लावतं. म्हणून 1 टीबीचे 931 जीबी दिसतात. बाइट तेवढेच.

राहिला नवा कॉम्प्युटर. 2 टीबीपेक्षा मोठ्या डिस्कवरूनच विंडोज सुरू करून ती पूर्ण वापरायची असेल तर जीपीटी लागतं आणि त्यासाठी मदरबोर्ड यूईएफआयचा (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या जुन्या बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) आणि विंडोज 64 बिटांची हवी, हे खरं. पण विंडोज छोट्या डिस्कवर आणि रेकॉर्डिंगं मोठ्या डिस्कवर ठेवायला काय हरकत आहे? काकांनी तेच केलं. घेतलंच तर एक छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, कॉम्प्युटरला नवा जीव येतो.

सगळी रेकॉर्डिंगं नव्या डिस्कवर गेली, तेव्हा काकांनी जुनी डिस्क फॉरमॅट करायला हात पुढे केला. मी थांबवलं. ती आता दुसरी कॉपी म्हणून माझ्या घरी आहे.